जुन्या शाळेची किल्ली

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पारावर कुणी सांगण्याआधी मीच सांगतो. जुनी शाळा पाडायच्या कागदावर मी सही केली. माजी विद्यार्थ्यांत इंजिनिअर मी एकटाच, सगळे माझ्याच तोंडाकडं बघत होते. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

दिवाळीत मी तुम्हाला न सांगता सातवीच्या वर्गात जाऊन आलो. तुमच्या टेबलामागच्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला, बाहेर काढला तर मूठभर भुसभुशीत माती. निजामाच्या काळातलं दणकट काम म्हणतो आपण, पण दोन अंगांना दगड, मधे माती आणि दोन्ही अंगं बांधणारा आरपार दगड कुठंच नाही. किल्लारीला भूकंपात अशाच भिंती झोपलेल्या माणसांवर फुटल्या. '93च्या 30 सप्टेंबरला, गणपती बोळवून आलेल्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला तुम्ही मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं होतं. मी घाबरलो नाही, कारण तुमच्या खांद्याला खडूचा वास येत होता. ती भेग त्याच रात्रीची. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते, अन् भेग दरसाल वाढते. खाली पोरं बसतात, बाबा.

अण्णा तिथंच वरच्या वर्गांत गणितसुद्धा उर्दूतून शिकले. '48च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं आणि पुढं त्याच भिंतीत तुम्ही मराठी शिकवलंत. हे मला कळत नाही असं समजू नका. म्हणून तर दारावरची उर्दू पाटी नव्या भिंतीत बसवायची, हे कागदावर लिहून घेतलं. सागवानी तुळया विकायच्या नाहीत. लिंब आणि त्याचा पार जागचा हलणार नाही, संध्याकाळची तुमची बैठक तशीच. तिथं माठही ठेवायला सांगितलाय.

आई, पाडताना धूळ फार उडेल. पंधरा दिवस लातूरला ताईकडं जा. गाडी घेऊन मी येतो, एसटीनं निघायचं नाही. बाबांची खाट खिडकीशी लावायला सांगितलीय, दोन्ही वेळा भाकरीच असेल. बीपीच्या गोळ्या वर्तमानपत्रात नाही, डबीत ठेव. आणि बाबा, एक दिवसाआड गोळी घेतली तर चालतं, हे तुम्हाला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?

रुळाचा तो तुकडा मात्र शेवटी उतरवायचा. शनिवारी तुम्ही मला कडेवर घेऊन सुट्टीचा टोल द्यायला लावायचात, हात झिणझिणायचा. काम सुरू व्हायच्या सकाळी मी तिथं असेन. टोल तुम्ही द्या, मी शेजारी उभा राहतो. तोवर एकट्यानं आत जायचं नाही. किल्ली आईकडं द्या.

आई, तांदळाच्या डब्यात नको ठेवू. ती जागा त्यांना माहीत आहे.

तुमचा,
बाळू