पेटी जिन्यानं कशी न्यायची?

संपादकसाहेब,
कालच्या अंकात आमच्या नव्या चर्चची बातमी वाचली, रंगीत चित्रपण बघितलं, छान आलंय. खाली पार्किंग, वर हॉल, त्याच्यावर क्रॉसला लायटिंग. तुमच्या वार्ताहरानं 'भव्य' चारदा लिहिलंय, मी मोजलं. जिन्याबद्दल एक अक्षर नाही, चित्रात मात्र तो आहे, मधेच वळण घेऊन वर गेलेला.

दोन वर्षांमागं माझे मामा वारले, परगावी. तिथलं चर्चपण असंच नवंकोरं, वरच्या मजल्यावर. शवपेटी जिन्याच्या वळणावर अडकली. आम्ही सहाजण, पुढं जाईना मागं येईना, शेवटी डोक्याकडची बाजू उभी करून फिरवली तेव्हा आत मामा सरकल्याचा आवाज आला. मामीचे गुडघे गेलेले, ती खालीच खुर्चीवर, तिनंही ऐकला. वरची उपासना तिला स्पीकरवरनं ऐकवली. हे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, सभेत सांगितलं तर चर्चचे एक पंच म्हणतात, "शुभ काम चाललंय, पेटीचं काय काढताय?" म्हणजे नव्या चर्चमध्ये कुणी मरायचंच नाही!

हॉल वर कशाला असं विचारलं की पुराचं कारण दाखवतात. पूर आम्हीपण बघितलाय, २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर, धोक्याची पातळी ४५. पण आमच्या जागेत तेव्हाही पाणी नव्हतं, उलट पूरग्रस्तच तिथं राहायला होते. तीन फुटांचं जोतं बास झालं. रॅम्पला एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे छत्तीस फूट, आवारात आरामात बसतो. बारा फुटांवरच्या हॉलला १४४ फूट कुठनं आणणार? तर म्हणे लिफ्ट करू. ती सहा माणसांची, त्यात पेटी उभीच न्यायला लागणार. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ ला हॉस्पिटल उभं केलं त्या मिरजेत स्ट्रेचर मावणारी लिफ्ट कुणी बघितली नाही होय? गाड्यांना सावली आणि म्हाताऱ्यांना जिना, असा सगळा प्लॅन.

आणि हो, फोटोखाली 'फादर' छापलंय ते आमचे पाळक आहेत, फादर कॅथलिक लोकांचे. शेजारी 'सिस्टर' म्हणून छापलीय ती त्यांची बायको. नाताळच्या बातमीतपण हेच केलेलं, तेव्हाही पत्र पाठवलं, छापलं नाही. हेही छापायचं नसलं तर राहू दे, फोटोखालचं तेवढं दुरुस्त करा, पाळकांच्या घरी काल दिवसभर फोन चाललेत.

– मंडळीतलाच एक, मिरज