बाबांच्या मेलला हात लावलाय, रागावू नका

आई-बाबा,

आधीच सांगून टाकते, नंतर आत्याकडून कळायला नको. गेल्या रविवारी परभणीहून निघायच्या आधी बाबा दुपारचे झोपले होते तेव्हा मी त्यांचा फोन घेऊन ईमेलचा पासवर्ड बदलला. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही म्हणाले असते कामून, चाललंय की बरं, आणि तेवढ्यात माझी गाडी निघून गेली असती. आईला माहीत होतं पण तिला काही बोलू नका, ती नुसती चहा ठेवत होती.

तुमचे मेल वाचले नाहीत हां बाबा. नऊ हजार मेल, त्यात आपले म्हणावे असे शंभर पण नसतील, बाकी सगळं लोन, गुडघ्याचं तेल अन् शेअरच्या टिपा. तुम्ही एकही डिलीट करत नाही, वर नातवंडांचे व्हिडिओ, म्हणून गुगलची फुकटची 15 जीबी जागा भरली आणि नवीन मेल यायचेच बंद झाले. अन् तुम्ही महिनाभर त्या पेन्शनच्या क्लार्कला नावं ठेवायले होते, बिचारा.

पण खरं कारण रिफंडचं आहे. आयकराच्या नावानं मेल आला, तुम्ही कार्डाचा नंबर भरला, आणि ओटीपी आईच्या फोनवर आला तेव्हा ती दळणाला गेली होती म्हणून वाचलो. मी त्या रात्री झोपले नाही. आयकर खातं मेलवर कार्ड, पिन असलं काही मागतच नाही, रिफंड सरळ खात्यात येतो. तुमची चूक आहे असं म्हणत नाही, आमच्या ऑफिसात इंजिनिअर लोक फसलेत.

आठवतं का, लहानपणी पोस्टकार्डं यायची, अशीच 21 पत्रं लिहा नाहीतर घरात वाईट होईल म्हणून? आई देवापुढं ठेवायची, मी भीतीनं चादरीत, आणि तुम्ही ते कार्ड पाणी तापवायच्या बंबात टाकून म्हणायचे, चला, आज आंघोळीचं पाणी फुकट. हे तेच आहे बाबा. 'आज रात्री खातं बंद होईल' म्हणजे तेच पोस्टकार्ड.

आता ऐका. अनोळखी मेलला उत्तर द्यायचं नाही, 'नॉट इंटरेस्टेड, थँक यू' असं सभ्यपणे पण नाही, त्यानं त्यांना कळतं की इथं माणूस आहे. त्यातलं अनसबस्क्राइब पण दाबायचं नाही, ते फक्त ओळखीच्या दुकानांसाठी, बाकीच्यांना वरचे तीन ठिपके दाबून रिपोर्ट स्पॅम. स्पॅममधलं 30 दिवसांनी आपोआप जातं. पाठवणाऱ्याचं नाव काहीही ठेवता येतं, त्यावर बोट ठेवून खालचा पत्ता बघायचा. आणि कधी पैसे गेलेच तर आधी 1930 ला, म्हणजे सरकारच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग मला, लाज वाटून गप्प बसायचं नाही.

तुमचं काही बदलणार नाही. योगाच्या ग्रुपचे, निवृत्त शिक्षकांचे मेल येतील तसेच येतील, अक्षरं पण मोठी करून ठेवलीत. दुसऱ्या कुणी कुठून उघडायला गेलं तर तुमच्या फोनवर विचारणा येईल, 'नाही' दाबा. नवा पासवर्ड म्हणजे आपल्या म्हशीचं नाव आणि पुढं थोडं, ते आईजवळ आहे, डायरीच्या मागच्या पानावर लिहू नका, तिथं एटीएमचा पिन पण आहे तो खोडा आजच.

बीपीची गोळी रात्री, सकाळी नाही. आई, येसर संपलंय गं.

तुमचीच

ता. क. लंडनच्या त्या विधवा बाईंना, ज्यांना तुम्हाला कोट्यवधी द्यायचेत, तुम्ही दुखवट्याचं उत्तर लिहून ठेवलंय, त्यांच्या इंग्रजीच्या चुका काढून. ते मी पुसलं नाही, पाठवू मात्र नका.