साहेब, माझ्या वडिलांनी भलत्याच थडग्याला सॅल्यूट ठोकला

मा. साहेब,
स.न.वि.वि. खात्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की म्हणाल हे आमच्याकडे येत नाही, शेजारच्या टेबलावर जा. इंग्लिशमधून चार ईमेल करून झाले, आता मराठीत लिहितोय, निदान आपली माणसं तरी वाचतील.

विषय टेक्सासमधल्या ॲलिटन गावच्या सिमेटरीत पुरलेल्या डॅलस स्टाउडनमायरचा, म्हणजे एल पासो शहराच्या जुन्या मार्शलचा, आपल्या भाषेत पोलीसप्रमुखाचा. थडग्याकडे जायची पाटी मेपर्यंत लागेल असं तुमच्याच ऑफिसने फेब्रुवारीत कळवलं होतं. त्या भरवशावर जूनमध्ये वडिलांना घेऊन गेलो. सतरा वर्षं मराठा लाईट इन्फंट्री, मग पोलिसात हवालदार. अमेरिकेत येऊन त्यांनी डिस्नेलँड नाही मागितलं, म्हणाले तो फौजेतून पोलीस झालेला गडी दाखव.

ह्यूस्टनजवळच्या आमच्या केटीहून तासाभराचा रस्ता आणि आत दीड तास पायपीट, दुपारचे दोन, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस एकेक दगड वाचत फिरतोय. शेवटी एकापाशी थांबले, चपला काढल्या, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट. बायकोने नखाने शेवाळ खरवडलं तर खाली कुणा बाईचं नाव! वडील काही बोलले नाहीत, चपला घालून गाडीत जाऊन बसले. मला रात्रभर झोप नाही, तुम्हाला छान लागली असेल.

हा स्टाउडनमायर काही देवमाणूस नव्हता हं. पंधरा-सोळाव्या वर्षी कॉन्फेडरेट फौजेत, म्हणजे गुलामगिरीवाल्यांच्या बाजूने. मग टेक्सास रेंजर, म्हणजे राज्याच्या पोलिसात, मग १८८१ च्या एप्रिलमध्ये एल पासोचा मार्शल. तिसऱ्याच दिवशी गोळीबार, पाच सेकंदात चार मुडदे असं सांगतात, त्यातला एक रस्त्याने जाणारा बिचारा मेक्सिकन, ह्याच्याच गोळीने गेलेला. पुढे दारू, राजीनामा, आणि १८८२ च्या सप्टेंबरमध्ये ह्याच्या वैऱ्यांनी, मॅनिंग भावांनी, ह्यालाच उडवला, ज्युरीने ते सोडूनही दिले. मेला तो आय-१० हायवेच्या पार त्या टोकाला, एल पासोत, आणि पुरला इकडे आणून, अंत्यविधीचा खर्च मेसन लॉजने, म्हणजे फ्रीमेसन मंडळींच्या संघटनेने केला. ज्या शहरासाठी बंदूक धरली ते शहर कुठे होतं तेव्हा? लिहा ना हे सगळं पाटीवर, त्या मेक्सिकन माणसासकट. पण आधी पाटी लावा!

राज्यात म्हणे सोळा हजारांच्या वर हिस्टॉरिकल मार्कर, म्हणजे इतिहास सांगणाऱ्या पाट्या, आहेत. त्यांचाही खर्च सरकार नाही करत, अर्ज करणाऱ्याने खिशातून भरायचा. मग माझा प्रॉपर्टी टॅक्स जातो कुठे? तुमच्या एसीत?

आमच्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा. आमच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे, तेही आधी आर्मीत, १९९१ ला मुंबई पोलिसात आले, हातात फक्त लाठी आणि कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. गेल्यावर अशोकचक्र, पुतळा, सगळं. जिवंत हवालदाराला मात्र रजा मागताना हात जोडावे लागतात, माझ्या वडिलांनी तीस वर्षांत किती दिवाळ्या घरी काढल्या ते मी बोटावर मोजून सांगतो. पेन्शनची एक सही राहिली म्हणून अकरा चकरा, आणि अकराव्यांदा कळलं की साहेब रजेवर.

वडील परत साताऱ्याला गेलेत. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, पाटी लागली का रे? गेल्या रविवारी लागली म्हणून सांगून टाकलं. आता त्यांना व्हॉट्सॲपवर फोटो हवाय, रविवारच्या आत.

आपला,
एक टॅक्स भरणारा