सर्वांत छोटे पिस्तूल नवख्याच्या हाती देऊ नये

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

अंगावर झाकून बाळगायचे पिस्तूल कसे निवडावे, याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. विषय नाजूक असूनही लेखकाने तो भडकपणा टाळून मांडला, याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे. मात्र पहिल्यांदाच पिस्तूल घेणाऱ्याने मिळेल तितके लहान आणि हलके घ्यावे, हा त्यातील सल्ला मला खटकला. हा सल्ला इतक्या ठिकाणी आणि इतक्या खात्रीने दिला जातो की त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला भाग वाटले. मी अनेक वर्षे पिस्तूल नेमबाजी शिकवतो. ज्या देशात कायदा असे शस्त्र बाळगू देतो, तिथे रीतसर परवाना घेतलेल्या माणसापुरतेच हे पत्र आहे. त्या माणसासाठी हा सल्ला नेमका उलटा आहे.

या गैरसमजाचे मूळ दुकानाच्या काउंटरवर आहे. तिथे पिस्तूल हातात घेतले जाते, खिशात घालून पाहिले जाते, वजनाचे कौतुक होते; गोळी मात्र झाडली जात नाही. बाळगण्याची सोय तिथल्या तिथे कळते आणि झाडण्याची गैरसोय पैसे मोजून झाल्यावर कळते. खिशात मावणाऱ्या पिस्तुलाचे आकर्षण काही आजचे नाही. शस्त्रांचा आराखडा करणाऱ्या जॉन ब्राउनिंगने .२५ चे (हा आकडा इंचांतल्या जाडीचा) इवलेसे काडतूस १९०५ च्या सुमारास आणि .३८० चे काडतूस १९०८ मध्ये आणले, ते असल्याच पिस्तुलांसाठी. वाल्थरचे पीपीके १९३१ मध्ये आले आणि पुढे पडद्यावरच्या हेरांमुळे घरोघरी माहीत झाले. त्या पीपीकेने अंगठा आणि तर्जनी यांमधल्या कातडीला चावा घेतल्याची खूण ज्यांच्या हातावर आहे, असे नेमबाज आजही भेटतात. मागे येणारी स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, आणि तिच्या खाली उंच धरलेला हात, यांत तिथे फारसे अंतरच उरत नाही.

आता धक्क्याचा हिशेब पाहू. गोळी जितका संवेग घेऊन पुढे जाते, तितकाच संवेग पिस्तुलाला मागच्या दिशेने मिळतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो; पिस्तूल विकत घेताना मात्र ते कोणाला आठवत नाही. ९ मि.मी.च्या एका नेहमीच्या काडतुसातील गोळी ८ ग्रॅमची असते आणि १०२ मि.मी. लांबीच्या नळीतून ती सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने सुटते. ग्लॉक १९ हे मध्यम आकाराचे पिस्तूल रिकाम्या मॅगझिनसह (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीसह) सुमारे ६७० ग्रॅमचे आहे, म्हणजे ते सेकंदाला साधारण ४.२ मीटर वेगाने हातात मागे येते. सिग सावरचे पी ३६५ सुमारे ५०५ ग्रॅमचे आणि ७९ मि.मी. नळीचे. त्यात गोळीचा वेग थोडा कमी भरतो, तरी पिस्तूल मागे येण्याचा वेग ५.३ मीटरपर्यंत जातो. रूगरचे एलसीपी जेमतेम २७० ग्रॅमचे आहे. त्याचे .३८० चे काडतूस ९ मि.मी.पेक्षा सरळसरळ दुबळे, गोळी सुमारे ६ ग्रॅमची आणि वेगही कमी, असे असूनही ते पिस्तूल सेकंदाला सुमारे ६ मीटर वेगाने मागे येते. नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूचा वाटा मी यात धरलेला नाही. तो धरला तर तिन्ही आकडे वाढतात, क्रम तोच राहतो. काडतूस सर्वांत सौम्य आणि झटका सर्वांत तीव्र, असा हा प्रकार आहे. शिवाय तो झटका सोसायला मूठ दोन बोटांपुरतीच असते.

हे आकडे कागदावर किरकोळ दिसतात, म्हणून एक प्रसंग सांगतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मध्यमवयीन बाईंनी स्वतःच्या पसंतीने असेच तळहाताएवढे पिस्तूल घेतले होते. पहिल्या गोळीनंतर त्यांनी पिस्तुलाकडे पाहिले, दुसरीनंतर माझ्याकडे पाहिले. तिसऱ्या वेळी चाप दाबण्याआधीच त्यांचे मनगट खाली झुकले आणि गोळी लक्ष्याच्या हातभर खाली मातीत गेली. धक्का येणार म्हणून हात आधीच खाली दाबला जातो, त्याला आम्ही दचकणे म्हणतो, आणि एकदा अंगात शिरलेले दचकणे काढायला महिने लागतात. करंगळी मुठीखाली लोंबकळत होती. मॅगझिन रिकामे झाल्यावर स्लाइड मागे ओढायची वेळ आली, तेव्हा त्यांना ती ओढताच येईना. मी त्यांच्या हातात ग्लॉक १९ दिले. पाच मीटरवर पहिल्या दहांपैकी आठ गोळ्या एका बशीएवढ्या जागेत बसल्या, आणि 'मग हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?' असे त्या जरा रागानेच म्हणाल्या.

स्लाइडची तक्रार मनगटाच्या ताकदीची म्हणून सोडून दिली जाते, पण तिचे कारण यंत्रात आहे. पिस्तूल लहान केले की स्लाइड हलकी होते आणि तिला मागे जायला जागाही कमी मिळते, म्हणून तिला आवरण्यासाठी स्प्रिंग कडक बसवावी लागते. पीपीकेसारख्या जुन्या घडणीत तर नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत. स्फोटाचा दाब केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग यांच्या बळावर थोपवायचा असतो. म्हणूनच आकाराने मोठे असलेले पिस्तूल ओढायला बहुधा सोपे असते. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये शील्ड ईझी हे .३८० चे पिस्तूल मुद्दाम हलक्या स्प्रिंगचे काढले, तेव्हा ते एलसीपीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे ठेवले. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे किंवा पकड कमी आहे, त्यांनी पाहायची जागा ही आहे.

नेम धरण्याच्या बाबतीतही लहानपणाची किंमत मोजावी लागते. नेम धरायची पुढची माशी (उंचवटा) आणि मागची खाच यांत १५ सें.मी. अंतर असेल, तर १ मि.मी.ची चूक १० मीटरवर साडेसहा सें.मी.ची होते, तेच अंतर १० सें.मी. असेल, तर चूक १० सें.मी.वर जाते. आखूड नळीमुळे गोळीचा वेग घटतो याची चर्चा फार होते, पण ९ मि.मी.मध्ये ती घट बेताची असते. नेमबाजाची चूक त्याहून कितीतरी मोठी असते.

मग झाकायचे कसे, असा प्रश्न लेखक विचारतील, आणि तो रास्त आहे. लेखात सगळा भर नळीच्या लांबीवर आहे. प्रत्यक्षात कमरेच्या आत होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची म्यान, लावले की नळी पँटमध्ये जाते आणि कोणाला दिसत नाही. कपड्यांवर उठतो तो मुठीचा छाप. वाकले, बसले, वरच्या फळीवरचे काही काढायला हात उंचावला की मुठीचा मागचा कोपरा सदऱ्याखालून डोकावतो. तेव्हा मोजायचे ते मुठीची उंची आणि जाडी. इथे गेल्या काही वर्षांत खरी सुधारणा झाली आहे. पूर्वी सडपातळ पिस्तूल हवे तर मॅगझिनमध्ये काडतुसांची एकच ओळ मिळे. ग्लॉक ४३ हे २०१५ चे पिस्तूल तसेच आहे, त्यात सहा काडतुसे मावतात. पी ३६५ ने २०१८ मध्ये खाली दोन ओळी आणि वर निमुळते होत जाणारे मॅगझिन बसवून जवळपास तेवढ्याच मुठीत दहा काडतुसे घातली. पाठोपाठ २०१९ मध्ये स्प्रिंगफील्डचे हेलकॅट अकरा काडतुसांचे आले, आणि त्याच वर्षी ग्लॉकने ४३ एक्समध्ये बारीक देहाला पूर्ण हात मावेल अशी मूठ दिली. माझी पसंती या शेवटच्या घडणीकडे आहे. सुमारे दोन सें.मी. जास्त लपवावे लागते, पण करंगळीला जागा मिळते, आणि हात थरथरत असताना करंगळी फार उपयोगी पडते.

पाच काडतुसांच्या आखूड रिव्हॉल्व्हरची लेखात बरीच स्तुती आहे. ते खिशातल्या धुळीला दाद देत नाही आणि काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर येते, हे खरे; पण त्याचा चाप साधारण पाच किलोंचा जोर मागतो, ग्लॉकच्या जवळजवळ दुप्पट. नवख्याचा नेम तेवढ्या ओढीत ढळतोच. काडतुसाच्या जाडीवरून होणारे वादही आता मिटल्यासारखे आहेत. १९८६ मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने ९ मि.मी.कडे पाठ फिरवली होती, आणि २०१४ मध्ये स्वतःच्याच प्रशिक्षण विभागाच्या अभ्यासानंतर ती पुन्हा ९ मि.मी.च्या बाजूने आली. आधुनिक गोळ्या चाचणीच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात अपेक्षित ३० ते ४५ सें.मी. खोली गाठतात आणि झटका कमी असल्याने नेम अधिक बसतो, असा त्या निर्णयामागचा विचार होता.

होल्स्टरला लेखात दीड ओळ मिळाली आहे, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. मी तरुणपणी एक मऊ चामड्याचे, अगदी हलक्या किमतीचे होल्स्टर वापरत असे. सहा-आठ महिन्यांच्या घामाने त्याचे तोंड ढिले पडून आत मुडपू लागले, हे माझ्या लक्षात आले नाही. एका सरावाच्या दिवशी पिस्तूल परत आत सरकवताना काहीतरी अडले म्हणून मी थांबलो. खाली पाहिले तर चामड्याचा मुडपलेला कोपरा चापाच्या कड्यात शिरून चापावर टेकला होता. आणखी अर्धा इंच रेटले असते, तर गोळी माझ्या मांडीतून गुडघ्याकडे गेली असती. आजच्या बहुतेक छोट्या पिस्तुलांवर अंगठ्याने लावायचा खटका नसतो. चाप दाबला न जाणे हीच त्यांची सुरक्षितता असते. म्हणून होल्स्टर त्याच पिस्तुलाच्या मापाचे हवे, चाप पूर्ण झाकणारे हवे, पिस्तूल बाहेर काढल्यावर तोंड उघडेच राहील इतके ताठ हवे आणि उड्या मारल्या तरी पिस्तूल न सोडणारे हवे. पिस्तूल परत ठेवताना घाई करायचे काहीच कारण नसते. सदरा बाजूला धरावा, खाली पाहावे आणि मगच ठेवावे. पट्टाही ताठ हवा, नाहीतर चांगले होल्स्टरसुद्धा दिवसभर हेलकावे खाते. आणि खिशात पिस्तूल ठेवणाऱ्याने त्याच खिशात किल्ल्या ठेवणे, हा प्रकार मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्यावर काय लिहावे, कळत नाही.

निवड झाल्यावर किमान दोनशे गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय त्या पिस्तुलावर भिस्त ठेवू नये. त्यांतल्या निदान पन्नास गोळ्या प्रत्यक्ष बाळगायच्या जातीच्या असाव्यात, कारण गोल नाकाच्या गोळ्या सुरळीत गिळणारे पिस्तूल पोकळ टोकाच्या गोळीवर अडखळते, असे घडते. ढिल्या मनगटाने झाडून पाहावे, एका हाताने झाडून पाहावे, आणि सगळी मॅगझिने तपासावीत. लहान पिस्तुलाच्या स्प्रिंगा मोठ्यापेक्षा लवकर थकतात, त्या निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलाव्यात. अंगाला लागून असलेल्या पिस्तुलावर घामाचा गंज चढतो आणि कापडाचे तंतू आत जातात. आठवड्यातून एकदा ते रिकामे करून, रिकामे झाल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, पुसून ठेवावे. अंगावरून उतरवलेले पिस्तूल घरात कुलपातच गेले पाहिजे. टेबलाचा खण, कपाटाचा वरचा कप्पा आणि उशी या जागा मुलांना आपल्याआधी माहीत असतात, आणि घरातल्या एखाद्या खचलेल्या माणसाच्या हातीही ते लागता कामा नये.

लेखमालेचा पुढील भाग देखभालीवर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्या भागाबरोबर, लहानात लहान पिस्तूल घेण्याच्या सल्ल्याविषयी लेखकांचा खुलासा छापावा, ही विनंती. त्यांनी खुलासा लिहिण्यापूर्वी एलसीपी आणि ग्लॉक १९ यांतून पन्नास-पन्नास गोळ्या एकाच दिवशी झाडून पाहाव्यात आणि दोन्ही लक्ष्यांची छायाचित्रे शेजारी-शेजारी द्यावीत, एवढेच मी सुचवतो.

आपला नम्र,
एक पिस्तूल प्रशिक्षक