गोळाबेरीज

औसा
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय पक्या,

दिवाळीत तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. तू पहिला प्रश्न सोयाबीनचाच विचारला असतास, अन् ते सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. घरी सगळे बरे. अण्णांची शुगर आहे तशीच.

पेरणीच्या वेळी मोबाईलवर पाच मिनिटांत हिशेब मांडला होता. सहा एकर. आपला उतारा एकरी साडेसात क्विंटल, मी आठ धरला. हमीभाव ४,८९२, मी पाच हजार धरला. झाले २ लाख ४० हजार. खरे आकडे गुणले असते तर २ लाख २० हजार १४०. जवळजवळ वीस हजार नुसत्या गोळाबेरजेत उगवले! खर्चाला मात्र उलटं. डीएपी खताची बॅग १,३५०ची, धरली १,३००. काढणीचं गुत्तं एकरी ४,८००, धरलं साडेचार हजार.

मेसच्या वहीवरून आपण किती भांडलो! मामींनी प्रेमानं वाढलेली जास्तीची भाकरीसुद्धा तू खर्चात लिहिलीस, म्हणून मी तुला आठवडाभर चिंगूस म्हणत होतो. आकडा थोडा वर गेला, थोडा खाली आला, तर शेवटी फिटतं, असं माझं म्हणणं. फिटतं रे, पण काही वर अन् काही खाली गेले तरच. माझे सगळे आकडे माझ्या सोयीच्या बाजूला सरकले होते.

त्यात भाव पडला. आडतीवर ४,२००नं माल गेला, ४५ क्विंटलचे १ लाख ८९ हजार. कागदापेक्षा ५१ हजार कमी. अन् ताईला मी दिवाळीनंतर पन्नास हजारांचा शब्द दिला होता, पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी. काल गेलो तर तिनं पैशाचं नावही काढलं नाही, जेवूनच जा म्हणाली. घास उतरत नव्हता, पक्या.

अण्णा तोंडी हिशेब करतात. साडेसात क्विंटल येणार असेल तर सात धर, तेराशे पन्नास लागणार असतील तर दीड हजार धर. मी त्यांना भित्रे समजत आलो.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, छोट्याचे दात आले का?

सोबत हरभऱ्याचा कागद आहे. हमीभाव ५,६५० जाहीर झालाय, मी पाच हजारच धरलाय. खर्चाचा प्रत्येक आकडा पुढच्या शंभरावर नेलाय. मेसच्या वहीसारखा लाल पेनानं तपास, अन् मार्चमध्ये ताईला नक्की किती देता येतील तेवढं कळव. त्याआधी मी तिला आकडा सांगणार नाही.

तुझा,
बाळू