तारखेचा रकाना एकच नसावा : केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय संस्कृती मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : जुन्या लष्करी नोंदींची सूची करताना कोणत्या तारखा उतरवून घ्याव्यात याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

राष्ट्रीय अभिलेखागार आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. संरक्षण मंत्रालयाने जून 2021 मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार सैन्यदलांच्या जुन्या नोंदी पारखून तिथेच सोपवायच्या आहेत. म्हणजे पुढच्या काळात लष्करी कागद आणखी येणार, ते स्कॅन होणार आणि त्यांची नावनिशीवार सूची करायला माणसे नेमली जाणार. त्या माणसांच्या पुढ्यात जो तक्ता ठेवला जाईल त्यात 'दिनांक' असा एकच रकाना असू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी छोटी आहे, पण ती काम सुरू होण्याआधी मान्य झाली तरच उपयोगाची. एकदा लाखो ओळी भरून झाल्या की केवळ तारखांसाठी मूळ कागद पुन्हा उघडायला ना पैसा मिळतो ना माणूस.

एका शिपायाच्या सेवापत्रकावर तारखांची गर्दी असते. भरतीची, वैद्यकीय तपासणीची, पलटणीत हजर झाल्याची, बोटीत चढल्याची, जखमी झाल्याची, इस्पितळातून सुटल्याची, बढतीची, नाव कमी केल्याची, पेन्शन सुरू झाल्याची. शिवाय कारकुनाच्या सहीखालची, आवक शिक्क्यातली आणि कधी फॉर्मच्या तळाशी छापखान्याने घातलेलीही. रकाना एकच असला की भरणारा माणूस नजरेला पहिली पडेल ती तारीख उचलतो. त्याला दोष देता येत नाही. काय उचलायचे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पण त्यामुळे एका ओळीत भरतीची तारीख येते, दुसरीत मृत्यूची, तिसरीत शिक्क्याची, आणि सूची वापरणाऱ्याला तिन्ही सारख्याच दिसतात.

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन वीरांचे उदाहरण घ्या. नाईक यशवंत घाडगे इटलीत 10 जुलै 1944 रोजी धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक जाहीर करणारे राजपत्र नोव्हेंबर 1944 चे. नामदेव जाधव यांनी इटलीतल्याच सेनिओ नदीवर पराक्रम गाजवला तो 9 एप्रिल 1945 रोजी, राजपत्र जूनमधले. या दोघांबाबत घोटाळा होणार नाही, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या शिपायाचे नाव साऱ्या दफ्तरात एकदाच, हताहतांच्या एखाद्या यादीत येते, त्याच्या बाबतीत यादीची तारीख मृत्यूची म्हणून उतरली तर ती चूक पकडायला दुसरा कागदच नसतो.

अशा शिपायांची संख्या थोडी नाही. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराला तुर्की फौजेचा वेढा 7 डिसेंबर 1915 ला पडला आणि 29 एप्रिल 1916 ला आतल्या ब्रिटिश-हिंदी फौजेने शरणागती पत्करली. आत सहावी पूना डिव्हिजन होती. तिच्यात 103 वी आणि 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती, 117 वी मराठा पलटण होती. सुमारे 13,000 जण कैद झाले, त्यांत बहुसंख्य हिंदी शिपाई आणि त्यांच्यासोबतचे बिगरलढाऊ नोकर. वाळवंटातून त्यांना चालवत नेले, आणि हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनजवळ रेल्वेच्या कामाला जुंपले. भूक, उन्हाचा तडाखा आणि रोग यांनी किती तरी वाटेतच गेले. कोण कुठल्या दिवशी गेला याची नोंद ठेवायला तिथे पलटणीचा कारकून नव्हता. मागाहून सुटून आलेल्या सोबत्याने सांगितले तेव्हा कळले, किंवा कळलेच नाही.

अशा माणसाच्या कागदावर 29 एप्रिल 1916 असते. तो त्याच्या कैदेचा दिवस आहे, मृत्यूचा नव्हे. जिवंत पाहिल्याची शेवटची तारीख वेगळी, मृत्यूची बातमी नोंदल्याची वेगळी, सरकारने मृत्यू गृहीत धरल्याची आणखी वेगळी. यांतली एक निवडून 'मृत्यू दिनांक' म्हणून बसवणे म्हणजे सरकारी मोहोर उमटवून खोटे लिहिणे होय. मला यापेक्षा सौम्य शब्द सापडत नाही. त्यातच काही कागद तुर्की निघाले तर आणखी पेच. तिथले सरकारी काम रूमी पंचांगाने चाले. 1917 च्या आरंभापर्यंत त्यातला दिवस आपल्या वापरातल्या तारखेच्या 13 दिवस मागे होता. मार्च 1917 पासून तो फरक काढून टाकला गेला. कागदावर काय लिहिले होते ते सूचीत राहिले नाही, तर रूपांतर बरोबर झाले की चूक हे पुढे कोणालाच तपासता येणार नाही.

मृत्यूच्या तारखेवर सन्मानही अवलंबून असतो. युद्धात कामी आलेल्यांच्या समाधी आणि स्मारके सांभाळणारा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग पहिल्या महायुद्धासाठी 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 हा काळ धरतो. सैन्यातून नाव कमी झाल्यावर जो गेला, त्याचे मरण युद्धसेवेमुळे आले होते का हेही पाहिले जाते. म्हणून मृत्यूच्या तारखेइतकीच सेवामुक्तीची तारीख मोलाची. याच आयोगाच्या विशेष समितीने 2021 मध्ये मान्य केले की, आफ्रिकी आणि आशियाई सैनिकांपैकी किमान 1,16,000 जणांची स्मृती नावाने जपली गेली नाही किंवा मुळीच जपली गेली नाही, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकेल. यांतल्या हिंदी सैनिकांना त्यांचे नाव परत मिळायचे असेल, तर ते दफ्तरांतल्या याद्यांमधूनच मिळेल. देशातल्या कित्येक गावांत संगमरवरी पाट्या आहेत : 'या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले', साल 1914-1919. पाटीवर आकडा आहे, नावे नाहीत. पाटी 1919 म्हणते, शाळेच्या पुस्तकात युद्ध 1918 ला संपते, आणि घरचे लोक शोध 1918 पाशीच थांबवतात.

जन्मतारखेबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ती बनवू नये. भरतीच्या वेळी शिपायाचे वय बहुधा अंदाजाने लिहिले जाई; कोवळा पोर मोठा ठरे, उतरत्या वयाचा लहान. 'वय 20, भरती मार्च 1915' यावरून सूचीत 'जन्म 1895' लिहिले की अंदाजाची वस्तुस्थिती होते. वय जसे आहे तसे लिहावे आणि ते ज्या दिवशी सांगितले तो दिवस शेजारी लिहावा. वजाबाकी वाचकाला करता येते.

ही शिस्त आपल्याला नवी नाही. पेशवे दफ्तरातली पत्रे पाहिली तर लिहिल्याची तारीख पत्रात असते आणि पोचल्याची, म्हणजे पैवस्तीची, वेगळी नोंदलेली असते. मोहिमेवरून आलेल्या पत्रात हा फरक जीवन-मरणाचा होता. सालाचेही तेच. पानिपतच्या मोहिमेचे कागद 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे मराठी दफ्तरात चालणाऱ्या सुहूर सनाच्या 1161 चे. हे साल मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून त्याचा आधीचा भाग 1760 मध्ये पडतो आणि उरलेला 1761 मध्ये. महिना वाचता न येणाऱ्या कागदाला एकच इसवी सन चिकटवणाऱ्याने एक शक्यता पुसून टाकलेली असते.

म्हणून तक्त्यात प्रत्येक तारखेला तीन गोष्टी हव्यात : ती कशाची आहे, कागदावर जशी आहे तशी अक्षरे, आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाने केलेले तिचे रूपांतर. रूपांतराच्या रकान्यात अपुरी तारीख चालली पाहिजे. फक्त साल, फक्त साल-महिना, 'च्या आधी', 'च्या नंतर', 'या दोन दिवसांच्या दरम्यान'. यासाठी काही नवे शोधायचे नाही. आयएसओ 8601 या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2019 मधल्या दुसऱ्या भागात अशा संदिग्ध आणि अपुऱ्या तारखा लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे. नेहमीच्या एक्सेलच्या तक्त्यावर मात्र हे सोपवू नये. तो 1900 च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखत नाही, दोन आकडी साल '15' चे 2015 करतो, आणि संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर 3 जुलै म्हणून लिहिलेल्या 3/7 चा 7 मार्च करून ठेवतो.

पैसा आणि वेळ मर्यादित असतात, याची जाणीव आहे. सगळ्या तारखा घेणे शक्य नसेल तर निवड कागदाच्या प्रकारानुसार व्हावी, भरणाऱ्याच्या मर्जीनुसार नव्हे. हजेरीपटाला तो ज्या काळाचा आहे तो काळ, म्हणजे पासून आणि पर्यंत. सहीचा दिवस सोडला तरी चालेल. भरतीपत्राला भरतीचा दिवस आणि वय. हताहतांच्या यादीला घटनेचा दिवस आणि यादीचा दिवस, दोन्ही, इथे काटकसर नको. पेन्शनच्या कागदाला पेन्शन सुरू झाल्याचा दिवस, आणि विधवेने किंवा आईने अर्ज केला असेल तर अर्जाचाही, कारण त्या बाईचे नाव असलेला एकमेव सरकारी कागद पुष्कळदा तोच असतो. शिक्क्यांच्या आणि छपाईच्या तारखा खुशाल वगळाव्यात. वाचता न आलेली तारीख मात्र रिकामी सोडू नये. 'आहे, पण वाचता येत नाही' आणि 'नाहीच' यांना वेगळी खूण हवी.

आपणास विनंती अशी की, सूचीच्या कामाच्या निविदेत हा नियम अट म्हणून घालावा, आणि मोबदला ओळींच्या संख्येवर नव्हे तर तपासून बरोबर ठरलेल्या ओळींवर द्यावा. काम देण्याआधी प्रत्येक प्रकारचे काही कागद आणि त्यांची नमुना सूची अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर ठेवावी, म्हणजे मोडी, उर्दू आणि लष्करी संक्षेप वाचणाऱ्यांना त्यावर हरकती नोंदवता येतील. नमुना प्रसिद्ध झाला तर त्याची तपासणी विनामोबदला करून द्यायला मी तयार आहे, आणि माझ्यासारखे इतरही पुढे येतील.

आपली नम्र,
जुन्या लष्करी नोंदींची एक वाचक