काकूंकडे पैसे कसे मागू?

प्रिय विन्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. काय शिव्या घालायच्या त्या आत्ताच घालून घे, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. इकडे सगळं ठीक. बाबांची शुगर आहे तशी, आईचे गुडघे आहेत तसे.

तुळशीचं लग्न झाल्यापासून मी लग्नं लावतोय. हसू नकोस. दापोलीत एक बाई आहेत, मुंबई-पुण्याच्या लोकांची लग्नं कर्द्या-मुरुडच्या किनाऱ्यावर करून देतात. ज्या मुरुडने १८९३ साली विधवेशी लग्न केलं म्हणून धोंडो केशव कर्व्यांना वाळीत टाकलं, तिथेच आता लोक हौसेने लग्न करायला येतात! तर मी त्या बाईंकडे बिनपगारी. गळ्यात ‘व्हॉलंटियर’ लिहिलेली पट्टी, हातात वॉकीटॉकी, आणि काम तेच, जे तू नि मी शाळेत असल्यापासून वाडीत फुकट करत आलो.

अगदीच तेच नाही म्हणा. वाळूत खुंट्या धरत नाहीत. पोती वाळूने भरून पुरायची आणि मांडवाचे दोर त्यांना बांधायचे, हे मला कुठे माहीत होतं? आचाऱ्याचं बिल ताटावर असतं, म्हणून ताटांचे शंभराचे गठ्ठे आधी मोजून ठेवायचे आणि शेवटी उरलेली वजा करायची. हे नाही केलं की पन्नासेक पाहुणे नुसते कागदावर जेवून जातात. रात्री दहाला स्पीकर बंद करायचं कामही माझंच. एका नवऱ्याच्या मामांनी तर मला ‘पोलिसांचा माणूस’ असंच नाव ठेवलं होतं.

पण एक गोष्ट तुलाच सांगण्यासारखी. मांडववाले दुपारी एकला आले. पूर्ण ओहोटी, समोर ही एवढी पुळण. त्यांनी पार खाली, ओल्या वाळूशी खांब रोवायला घेतले. मी पंचांग बघितलं तर दशमी. तुझ्या आबांची पाऊणपट आठवते ना? तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. दहाची पाऊणपट साडेसात, आणि मुहूर्त गोरज! म्हणजे माळा घालेपर्यंत गुरुजी सोवळ्यासकट पाण्यात. बाईंना सांगितलं तर आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग फोनवर कोष्टक काढलं आणि गप्प झाल्या. मांडव उचलून सुरूच्या बनाशी नेला. संध्याकाळी पाणी आलं ते बरोब्बर दुपारच्या खड्ड्यांवर. आबा असते तर म्हणाले असते, ‘यात काय सांगायचंय?’

वाऱ्याने मात्र पंचाईत केली. पहिल्याच मंगलाष्टकेला अंतरपाट शिडासारखा फुगला आणि नवरानवरीने एकमेकांना मुहूर्ताआधीच मनसोक्त बघून घेतलं. मी खालच्या दोन्ही टोकांना सेफ्टीपिनने खोल्यांच्या किल्ल्या अडकवल्या, पितळी बिल्ल्यांसकट. ‘शुभमंगल सावधान’ झाल्यावर एक आजोबा अर्धा तास खोली क्रमांक चारची किल्ली शोधत फिरत होते.

तर विन्या, हे काम मला जमतं. आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

नलूकाकू परवा आल्या. सोनीचं लग्न ठरलंय, वैशाखात. ‘आता तू यातला झालास, तूच बघ सगळं. बाहेरच्या माणसाला कशाला पैसे घालायचे?’ आणि वर डबाभर आंबोळ्या. आता बोल. ताईच्या लग्नात काकांनी रात्रभर बसून नारळ खवले होते. मांडव त्यांच्या बांबूंचा, पिंपं त्यांची. त्या माणसाच्या मुलीच्या लग्नाला मी कोटेशन देऊ? आणि नाही दिलं, तर पुढे कामत्यांची दोन आहेत, खालच्या आळीत तीन, सगळी ‘आपल्या घरचीच’. वाडीतलं फुकट करायचं, बाईंकडचंही फुकट करायचं. कारण त्या पुढच्या मोसमालाही ‘अनुभव मिळेल’ एवढंच म्हणाल्यात. अनुभव पिशवीत घालून दुकानात नेला तर वाणी किती तांदूळ देईल?

बाबांचं वेगळंच. ‘लग्न लावायला भटजी, जेवायला आचारी, मग तू कोण?’ त्यात वैशाख म्हणजे ऐन आंबा. आढी लावायची, पेट्या भरायच्या, गाडीत चढवायच्या, आणि मी किनाऱ्यावर फुलांच्या कमानी उभारणार. गेल्या आठवड्यात दोन दिवस बोलले नाहीत. आई मध्ये. तुला माहीत आहेच.

मी एक तोड काढलीय. सोनीच्या लग्नात वाढायचं, पाणी भरायचं, जागायचं, ते सगळं वाडीच्या हिशेबात. पण आचारी ठरवणं, मांडववाल्याशी घासाघीस, खेडहून पाहुण्यांच्या गाड्या, ताटांचा हिशेब, याचे पैसे. ते कमी घेईन, पण घेईन. आईला बोललो तर म्हणाली, ‘काकू तुझ्या तोंडात मारतील.’ मारतील असं मला वाटत नाही. रडतील, आणि ते जास्त वाईट. तू असतास तर ‘आधी माग, मग घाबर’ म्हणाला असतास. पण तू तोच, जो बाळूदादाच्या लग्नात मठ्ठ्याची बादली माझ्या हातात देऊन ‘आलोच’ म्हणून गेलास, तो क्रिकेट खेळूनच परत आलास. अजूनही म्हणतोस पोट दुखत होतं!

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा कोर्स संपला का? चिंगीला दात आले असतील. फोटो पाठव, मागचा अंधारातला होता.

काकू रविवारी उत्तराला येणार आहेत. पैसे मागायचे की नाही, आणि मागायचे तर काकूंकडे की थेट काकांकडे, एवढंच कळव. फोन करू नकोस, बाबा शेजारीच असतात.

तुझा,
सुध्या